रंगनाथ मिस्त्री आणि नारळावर चालणारी मोटार

परभणीत जिंतूर रोडला पत्र्याच्या शेडात रंगनाथ वाव्हळ नावाचा एक मिस्त्री बसायचा. विहिरीवरची ऑइल इंजिनं, पिठाच्या गिरण्या, औषध फवारायचे पंप, असं जे जे फटफट नाहीतर फुसफुस करतं ते सगळं दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. हत्यारं त्याच्याकडे फार नव्हती. खरं हत्यार म्हणजे त्याचा उजवा कान. लांब दांड्याचा पेचकस इंजिनाला टेकवायचा, त्याची मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. दोन मिनिटांनी डोळे उघडून तो निकाल द्यायचा, "बेरिंग गेलंय." नाहीतर, "इंजिनाला काय झालेलं न्हाई, तुमच्या गड्यानं डिझेलात पाणी घातलंय." गडी तिथंच उभा असला तर हळूच मागच्या मागं सटकायचा.

कानाची ही खोड घरीही सुटायची नाही. शेजारणीचं जातं ऐकून तो भिंतीपलीकडून ओरडायचा, "वहिनी, जात्याला टाकी लावा, एक बाजू घसरायली." एकदा बायकोचा, म्हणजे कुसुमबाईचा, मामा मुक्कामाला आला आणि जेवून घोरायला लागला. रंगनाथनं थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाला, "ह्यांचा व्हॉल्व्ह नीट बसंना." मामा घोरत होता खरा, पण झोपलेला नव्हता. त्यानंतर मामाला यायला दोन वर्षं लागली.

बाकी माणूस सरळ. वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून घरात एक गोष्ट पोरांच्या डोक्यात ठोकून बसवली होती: तपासल्याबिगर मानायचं न्हाई. भावांनी ती शाळेत वापरली आणि एक मास्तर झाला, एक कारकून. रंगनाथनं ती इंजिनावर वापरली.

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. सकाळीच शेडासमोर सिद्धम्मा येऊन उभ्या राहिल्या. मोंढ्यातले भुसार व्यापारी बसवंतराव, त्यांच्या या मालकीण. अंगानं भरदार, बोलायला रोखठोक. त्यांनी पदराखालून पितळी डबा काढला आणि रंगनाथच्या पुढ्यात ठेवला.

"खा मिस्त्री."

रंगनाथनं फडक्याला हात पुसले. डब्यात वड्या होत्या.

"कशाच्या हायत अक्का?"

"खोबऱ्याच्या. दुसऱ्या कशाच्या असणार? दोन वर्षं झाली, आमच्या घरात वरणात खोबरं, वांग्यात खोबरं, भातात खोबरं. काल म्हशीला घातलं. म्हैस बी तोंड फिरवायलीय."

रंगनाथनं एक वडी तोंडात टाकली. वडी चांगली होती. पण कोडं सुटेना. "अक्का, मी इंजिनाचा मिस्त्री. खोबऱ्यावर मी काय इलाज करू?"

"खोबरं मोटारीतून येतंय!" सिद्धम्मा म्हणाल्या आणि शेडातल्या तेलाच्या उलट्या डब्यावर फतकल मारून बसल्या. "आता सगळं ऐका."

बसवंतराव दोन वर्षांपूर्वी एका जुन्या जहागीरदाराच्या सामानाच्या लिलावाला गेले होते, ते सागवानी कपाट घ्यायला. कपाटाचा पुकारा व्हायला वेळ होता. तेवढ्यात त्यांच्या कानापाशी गांधीलमाशी आली. बसवंतरावांनी ती हाकलायला हात वर केला, आणि लिलाववाल्यानं हातोडा आपटला. ज्या वस्तूचा पुकारा चालू होता ती निजामाच्या अमदानीतली, विलायतेत बनलेली, दोन माणसांची, बिनछपराची शर्यतीची मोटार होती. रंग कधीकाळी लाल, आता जुन्या मिरचीसारखा. बसकी इतकी की आत बसल्यावर रस्त्यावरच्या कोंबड्या डोळ्याला डोळा भिडवून बघायच्या. कपाट दुसऱ्यानंच नेलं. सिद्धम्मांचे कपडे अजून खुंटीवर होते.

पण बसवंतराव त्या मोटारीच्या प्रेमात पडले. सहा फूट उंच माणूस, गुडघे हनुवटीला लावून आत बसायचा. फेटा उडू नये म्हणून त्यावरून धोतराचा धडपा घेऊन गळ्याखाली गाठ मारायचा आणि पेडगावच्या शेताकडे निघायचा. मोटार निम्म्या वाटेपर्यंत झकास जायची. पेडगाव कोसभर राहिलं की धुरपताबाईच्या चहाच्या हॉटेलासमोर तिला आचका यायचा, दुसरा यायचा, आणि ती गप्प.

पहिल्या दिवशी लोकांनी ढकलली, ओढली, समजावली. ती हलेना. शेवटी बसवंतरावांनी शिवाचं नाव घेतलं, शेताच्या विहिरीवर फोडायला आणलेला नारळ काढला आणि मोटारीलाच फोडायचा ठरवला. पुढचं तोंड खराब नको म्हणून मागच्या उजव्या चाकापाशी असलेल्या लोखंडी पट्टीवर तो आपटला. मग किल्ली फिरवली. मोटार पहिल्या हाकेला चालू.

दुसऱ्या खेपेला तसंच. तिसऱ्या खेपेला तसंच. बसवंतरावांनी मग विचार करायचं सोडून दिलं आणि नारळाचं पोतं घेऊन टाकलं.

"सुरवातीला एका नारळावर काम व्हायचं," सिद्धम्मा म्हणाल्या. "आता तीन लागायलेत. परवा पाच फोडले तरी हूं न्हाई की चूं न्हाई. बैल लावून आणली. तुमी तिला बगा. न्हाई तर मी तिच्यात कोंबड्या पाळते."

दुपारी बसवंतराव मोटार घेऊन आले. धडप्याची गाठ सोडून उतरले, म्हणजे आधी एक पाय बाहेर आला, मग बऱ्याच वेळानं दुसरा. "मिस्त्री, हिच्यात काय बिघाड न्हाई. तिला फक्त नारळ लागतो. आमच्या मालकिणीला ते पटंना."

"बगू तरी अप्पा," रंगनाथ म्हणाला.

अशी मोटार त्यानं जन्मात पाहिली नव्हती. पण बॉनेट उघडल्यावर जरा धीर आला. इंजिन म्हणजे शेवटी इंजिनच. त्यानं प्लग काढून घासले, कार्बोरेटर उघडून फुंकला, पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढून त्याचं वाऱ्याचं भोक काडीनं मोकळं केलं. मग पेचकस कानाला लावून डोळे मिटले. इंजिन गुळगुळीत चालत होतं. कुठं खोट नाही. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली, मोटार काही बंद पडेना.

"बगितलं?" बसवंतराव म्हणाले. "परभणीत तिला काय होत न्हाई. ती जागाच कडक हाय."

रंगनाथला ते बोलणं दाताखाली खडा आल्यासारखं वाटलं. "अप्पा, उद्या मी तुमच्या संगं येतो. नारळ घ्या. पण फोडायचा कुठं ते मी सांगणार."

दुसऱ्या दिवशी दोघं निघाले. रंगनाथच्या मांडीवर हत्यारांची पिशवी, पायात नारळांचं पोतं. रस्ता असा की खड्ड्यात रस्ता शोधावा. प्रत्येक हादऱ्याला बसवंतराव उंच उडायचे, फेटा आभाळाला लागून परत यायचा. रंगनाथ कान देऊन होता. पाठीमागून, सीटच्या मागून कुठून तरी, बारीक आवाज येत होता. टिक, टिक, टिक.

"अप्पा, घड्याळ हाय का हिच्यात?"

"मोटारीला कशाला घड्याळ? माझ्या मनगटावर हाय की!"

धुरपताबाईचं हॉटेल दिसलं. त्याच्या अलीकडेच खडबडीत रस्ता संपून डांबर सुरू होत होतं. दुष्काळाच्या कामात तिथून पेडगावपर्यंत नवी सडक झाली होती, काळी कुळकुळीत आणि गुळगुळीत. मोटार डांबरावर चढली. हादरे थांबले. रंगनाथच्या लक्षात आलं की टिकटिकही थांबलीय. पुढच्या घटकेत मोटारीला आचका आला, दुसरा आला, आणि ती बरोब्बर हॉटेलासमोर गप्प झाली.

तिथं वीसेक माणसं आधीच बसलेली होती. काहींच्या हातात वाट्या होत्या. एका म्हातारीनं तर खिसणी आणली होती.

"आली का बाई!" धुरपताबाई चुलीपुढून उठल्या. पन्नाशीच्या, काटक, कमरेला खोचलेल्या पदराच्या. "अप्पा, आज शेंडीचे नारळ हायत ना? मागच्या खेपेला एक नासका निघाला."

बसवंतराव नारळ घेऊन नेहमीच्या जागेकडे निघाले. रंगनाथ आडवा आला. "थांबा. पैला पुढच्या बंपरवर फोडा."

नारळ फुटला. किल्ली फिरवली. काही नाही. लोकांनी खोबरं वाटून घेतलं.

"आता मागं, पण डाव्या अंगाला."

फुटला. काही नाही. लोकांनी तेही वाटून घेतलं. म्हातारीनं खिसायला सुरुवात केली.

"आता थांबा जरा." रंगनाथनं बॉनेट उघडलं आणि कार्बोरेटरला येणारी पेट्रोलची नळी सोडवली. नळी कोरडी ठाक. "मावशी, एक ग्लास द्या. आन तुमची चूल तिकडंच ऱ्हाऊ द्या, कुणी बिडी पेटवू नका."

"चहा पाहिजे का?"

"न्हाई, मोकळा."

धुरपताबाईंनी कपाळाला आठी घालून काचेचा ग्लास दिला. रंगनाथनं नळीचं टोक ग्लासात धरलं. "अप्पा, किल्ली चालू ठेवा. आन आता तुमच्या जागेवर फोडा."

बसवंतरावांनी शिवाचं नाव घेऊन नारळ हाणला. टक! मागून आवाज आला, टिक, टिक, टिक, आणि नळीतून पेट्रोलची चिळकांडी ग्लासात पडायला लागली. ग्लास भरला तशी रंगनाथनं नळी एका बादलीत सोडली. लोक हाताची घडी घालून बघत राहिले.

"माझ्या ग्लासात काय केलं हे!" धुरपताबाई किंचाळल्या. "आता त्यात गिऱ्हाइकाला चहा कसा देऊ?"

रंगनाथला त्यांचं ओरडणं ऐकूच आलं नाही. तो डांबरावर आडवा होऊन मोटारीच्या पोटाखाली शिरला होता. मागच्या उजव्या चाकापाशी, लोखंडी पट्टीच्या आतल्या अंगाला, तांब्याएवढा एक डबा बसवलेला होता. त्यात एक तार जात होती आणि दोन नळ्या येत-जात होत्या. त्यानं कान लावला. आवाज तिथूनच येत होता. थोड्या वेळानं तो पुन्हा अडखळला आणि बंद झाला. रंगनाथनं पिशवीतला बल्ब तारेला लावून पाहिला. बल्ब पेटला. म्हणजे करंट येतोय, पण डबा रुसलाय.

"मावशी, मुसळ द्या!" तो आतूनच ओरडला.

"मुसळाचा देव येगळा असतो रे बाबा," एक म्हातारा म्हणाला.

मुसळ आलं. रंगनाथनं बाहेर येऊन त्याच लोखंडी पट्टीवर बेतानं एक ठोका दिला. टिक, टिक, टिक. गर्दीतून "आगं बया!" असा आवाज उठला. त्यानं नळी जोडली, किल्ली फिरवली, मोटार चालू झाली. नारळ शिल्लक राहिला.

"अप्पा, हिचा पंप गेलाय," रंगनाथ धूळ झटकत म्हणाला.

"पंप?" बसवंतराव गोंधळले. "पंप तर स्टेशन रोडला हाय. काल तर भरलं मी पेट्रोल."

"तो पंप येगळा. टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडं ढकलायला हिच्यात विजेचा बारका पंप हाय. आत दोन टोकं असत्यात, एकमेकाला लागली की पंप एक घोट पाजतो, सुटली की दुसरा भरून घेतो. ती टोकं जळालीत. पंप तापला की अडकून बसत्यात. हादरा बसला की सुटत्यात. परभणीपासून इथवर खड्डे हायत, म्हणून हादरे बसायलेत, म्हणून मोटार चालायलीय. इथं चांगली सडक लागली, हादरे संपले, की पंप झोपला."

बसवंतरावांनी वाकून डांबरावरून हात फिरवला. "म्हंजे चांगल्या रस्त्यानं बंद पडायलीय? आन देव?"

"देवाला नारळ देवळात फोडा की अप्पा. हिला पंप द्या."

बसवंतरावांना पटलं, पण चेहरा उतरला. गर्दीचा त्यांच्यापेक्षा जास्त उतरला. "मिस्त्री, लय घाई करू नका," धुरपताबाई म्हणाल्या. "चालायलंय तर चालू द्या की. तुमाला काय तरास हाय?" कुणीतरी तोवर वाकून पंपाला हळदीकुंकू लावलं होतं.

शेडात आणून रंगनाथनं बॅटरीची तार सोडली, नळ्यांची तोंडं चिंध्यांनी बंद केली आणि पंप उतरवला. आतली टोकं तव्यावर करपलेल्या ज्वारीच्या दाण्यासारखी काळी होती. ती त्यानं बारीक कानशीनं घासली. पण आतला रबरी पडदा वाळल्या पापडासारखा कडक झाला होता, आणि पडद्यापुढं कानशीचं काही चालत नाही. पंप दोन दिवस चालला. तिसऱ्या दिवशी पडदा फाटला आणि मग मुसळानंही काम भागेना.

असा पंप परभणीत नव्हता. नांदेडच्या दुकानदारानं डोक्याला हात लावला. मग कुणीतरी सांगितलं, हैदराबादच्या जुम्मेरात बाजारात भंगारात सगळं मिळतं, फक्त ओळखता आलं पाहिजे. रंगनाथनं मेलेला पंप फडक्यात गुंडाळून जेवणाच्या डब्यात घातला आणि काचीगुड्याची गाडी धरली. बाकावर तो एकटाच ऐसपैस बसून गेला, कारण पेट्रोलच्या वासानं शेजारचे सगळे उठून दारात उभे राहिले होते. एका बाईनं विचारलंसुद्धा, "भाऊ, भाजी कशाची हाय?"

गुरुवारचा बाजार. गफूरचाचा नावाच्या म्हाताऱ्या भंगारवाल्याकडे गोणपाटावर पंपांचा ढीग निघाला. सगळे जुन्या विलायती मोटारींचे, दिसायला भावंडं. चाचांकडे एक बॅटरी होती. रंगनाथ मांडी घालून बसला. एकेक पंप बॅटरीला लावायचा, कानाशी धरायचा, डोळे मिटायचे, मान हलवायची आणि बाजूला ठेवायचा. पहिला गप्प. दुसरा खोकला. तिसरा बोलला, पण रंगनाथला तो तोतरा वाटला. सहावा नुसताच तापला. बघता बघता भोवती माणसं जमली.

"क्या मियाँ," चाचा म्हणाले, "पंप लेने आए कि तरबूज? इत्ता ठोक-बजा के तो मैं शादी भी नै किया!"

"चाचा, पंप ने बोलना मंगता," रंगनाथनं जमेल तसं उत्तर दिलं.

"बोलना कायकू? तुमना बात करने कू घर में कोई नै क्या?"

"हाय की! वो लय बोलती. पण उसके ऊपर मोटार नै चलती."

चाचा इतके हसले की त्यांना पाणी पाजावं लागलं. अकराव्या पंपावर रंगनाथचे डोळे मिटलेलेच राहिले. टिक. टिक. टिक. धीमा, स्वच्छ, एकसारखा. त्यानं दोन्ही तोंडांना ओली बोटं लावून पाहिली. एकीकडे बोट ओढलं जात होतं, दुसरीकडे वारा लागत होता. पडदा शाबूत होता. वर चाचांनी एक जास्तीचा पडदा आणि चार वॉशरं फुकट दिली, हसवल्याबद्दल.

परभणीत आल्याबरोबर तो पंप बसवायला बसला. बसवंतराव आणि सिद्धम्मा दोघंही समोर. पंप कसला, नळ्या जोडल्या, तार जोडली, दुसरी तार मोटारीच्या अंगाला, शेवटी बॅटरी. किल्ली फिरवली आणि पंप पिसाळल्यासारखा सुटला. टिकटिकटिकटिकटिक!

"लय जोरदार आणलाय की!" बसवंतराव खूश झाले.

"न्हाई अप्पा. इतका जोरात बोलायलाय म्हंजे वारा गिळायलाय. पोटात पेट्रोल असलं की सावकाश बोलतो." त्यानं टाकीकडची नळी चाचपली. जोड अर्धा आटा ढिला होता. चाचांचं एक वॉशर घालून तो पुन्हा आवळला. पंपाची टिकटिक हळू झाली, आणखी हळू झाली आणि थांबली.

"गेला का?" सिद्धम्मांनी विचारलं.

"न्हाई अक्का. जेवण झालं त्याचं. पुढं भरलंय म्हणून थांबला. आता इंजिन पिऊ लागलं की परत वाढायला उठंल."

मोटार चालू झाली. अर्धा तास चालली, तापली, तरी पंप इमानदारीत टिकटिकत राहिला. सिद्धम्मांनी डबा पुढं केला. या खेपेला त्यात शेंगदाण्याची चिक्की होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेडगावची फेरी ठरली. खड्ड्यांचा रस्ता गेला. डांबर आलं. हॉटेलासमोर नेहमीची माणसं वाट्या घेऊन बसली होती. मोटार डांबरावर चढली आणि थांबायचं नाव न घेता सूं करून त्यांच्यासमोरून निघून गेली. वाट्या हातात तशाच राहिल्या. "आवो अप्पा! आवो!" करत धुरपताबाई गाळणीसकट शंभर पावलं मागं पळाल्या.

बसवंतरावांना एवढा आनंद झाला की त्यांनी पाय आणखी दाबला. या सडकेवर त्यांनी चौथा गिअर कधी पाहिलाच नव्हता. वारा कानात शिरला, धडप्याची गाठ सुटली, फेटा उलगडून मोटारीमागं वीस हात पताकेसारखा फडफडायला लागला. शेतातल्या बायका खुरपं टाकून उभ्या राहिल्या. पेडगावची पहिली घरं दिसली. पुढं उतार होता आणि उतारावर निवांत रवंथ करणारी एक म्हैस.

"अप्पा, ब्रेक मारा!" रंगनाथ ओरडला.

"मारायलोय की!" बसवंतराव दोन्ही पायांनी पेंडलवर उभे राहिले होते. पेंडल पार तळाला गेलं होतं आणि मोटारीला त्याची खबर नव्हती.

तेव्हा रंगनाथच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दोन वर्षं ही मोटार आपल्या मर्जीनं थांबत होती. परभणीत बसवंतराव बैलगाडीच्या चालीनं चालवायचे आणि घर आलं की किल्ली बंद करायचे. ब्रेकची कुणाला गरजच पडली नव्हती. ब्रेकचं तेल कधीच गळून गेलं होतं. आणि एवढे कान लावून बसलेल्या मिस्त्रीनंही ते पाहिलं नव्हतं, कारण ब्रेक मेला तर आवाज करत नाही.

"नारळ!" बसवंतराव घाबरून ओरडले. "मिस्त्री, नारळ!"

"आता नारळानं काय होणार!" रंगनाथनं झेप घेऊन किल्ली बंद केली. इंजिन थांबलं. पण उतार थांबला नव्हता. म्हशीनं त्यांच्याकडे पाहिलं, कधी नव्हे ती चपळाई दाखवली आणि बाजूला झाली. तिच्यामागं दत्तराव नावाच्या शेतकऱ्याची कडब्याची गंजी होती. मोटार त्या गंजीत शिरली, अशी शिरली की बाहेर फक्त मागची दोन चाकं आणि फेट्याचं टोक राहिलं.

कडबा नवा होता, मऊ होता. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. मग गंजीच्या आतून बसवंतरावांचा आवाज आला, "मिस्त्री, पंप चालू हाय का?"

"पंप ठणठणीत हाय अप्पा."

"मग झालं तर."

दत्तराव काठी घेऊन धावत आले होते. पण कानात, मिशीत, गळ्यात कडबा अडकलेले दोन जण सरपटत बाहेर आलेले पाहून काठी टाकून ते मटकन खाली बसले आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मोटार ओढायला त्यांनीच बैल दिले. म्हैस मात्र मोटारीच्या नाकाला लागलेला कडबा शेवटपर्यंत खात उभी होती.

रंगनाथला त्या दिवशी फार लाज वाटली. कुसुमबाईला त्यानं सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती, ती थांबली नाही. "आवो, सगळंच कसं ऐकू यील माणसाला? उद्यापासून डोळे बी वापरा." त्यानं ते मनावर घेतलं. पुढचे आठ दिवस त्यानं मोटारीची चारही चाकं काढून ब्रेकचं काम केलं, एकेक नळी डोळ्यांनी तपासली आणि सिद्धम्मांना शेडापासून वेशीपर्यंत पाच वेळा मोटार थांबवून दाखवली. पाचव्या खेपेला सिद्धम्मा स्वतःच आत बसल्या आणि म्हणाल्या, "आता मोंढ्यातून न्या. सगळ्यांना दिसलं पाहिजे."

पेडगावकर महिनाभर बसवंतरावांशी फुगून होते. धुरपताबाईंनी मात्र हिकमत केली. हॉटेलच्या दारात त्यांनी तेच मुसळ टांगलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकवाल्यांना, फटफटीवाल्यांना सांगायला सुरुवात केली की कुठली बी मोटार बंद पडली तर ह्यानं चालू होते. एकदोघांच्या झाल्यासुद्धा. ज्यांच्या झाल्या नाहीत त्यांना त्या चहा पाजून रंगनाथकडे धाडायच्या. त्यामुळं रंगनाथच्या शेडासमोर आता ऑइल इंजिनांबरोबर मोटारीही उभ्या राहायला लागल्या, आणि कितीतरी मोटारींच्या अंगावर मुसळाचे पोचे असायचे.

संक्रांतीच्या आधी बसवंतराव शेडात आले. "मिस्त्री, तुमी माझी मोटार माणसात आणली. काय पाहिजे ते सांगा, लाजू नका."

रंगनाथनं दोन दिवस विचार केला. मग मान खाली घालून म्हणाला, "अप्पा, रविवारचा एक दिवस मोटार द्या. कुसुमला तिच्या बहिणीकडं, पालमला न्यायचंय. एष्टीत तिला लय मळमळतं."

रविवारी उजाडताच ते निघाले. कुसुमबाईनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं आणि पदर डोक्यावरून घट्ट ओढला होता. गावाबाहेर पडल्यावरही ती डोळे मिटूनच होती. "आवो, हळू. आवो, जरा हळू." पुढं रस्ता मोकळा झाला. करडईची, हरभऱ्याची रानं दोन्हीकडून मागं पळायला लागली. पदर कधी उडाला ते तिला कळलं नाही. गंगाखेडला गोदावरीच्या पुलावर आल्यावर तिनं डोळे उघडले, खाली पाणी बघितलं, मग नवऱ्याकडं बघितलं.

"आवो," ती म्हणाली, "एवढीच पळते का ही?"

रंगनाथनं पाय दाबला. ती मोठ्यानं हसली. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, पण इतक्या मोठ्यानं ती हसते हे त्यानं प्रथमच ऐकलं. पालमपर्यंतचा पुढचा रस्ता कच्चा, पुढं एक ट्रक चाललेला, आणि मोटारीला ना छप्पर ना काच. पण दोघांपैकी कुणालाच थांबावंसं वाटलं नाही.

पालमला कुसुमबाईच्या बहिणीच्या, म्हणजे गीताबाईच्या, दारात मोटार उभी राहिली तेव्हा सगळी गल्ली गोळा झाली. गीताबाई हातातलं पीठ झटकत बाहेर आली. मोटारीतून दोन माणसं उतरली, डोक्यापासून पायापर्यंत एकाच रंगाची, धुळीच्या. त्यातल्या बाईनं दात दाखवले, तेवढेच काय ते पांढरे.

गीताबाईनं पदर सावरला आणि अदबीनं विचारलं, "कोन पायजे तुमाला? मालक शेतात गेल्यात."